पंपाखालची माती

व्याख्यानमालांमधून आपण बहुतेक वेळा जमिनीच्या वर उभ्या असलेल्या गोष्टींचा इतिहास ऐकतो. वाडे, गिरण्या, धरणं, पूल. आज मी जमिनीखाली दहा-बारा फुटांवर पुरलेल्या एका वस्तूचा इतिहास सांगणार आहे, ती म्हणजे पेट्रोल पंपाखालची टाकी. खरं तर टाकीपेक्षाही, ती गळल्यावर भोवतालच्या मातीचं लोकांनी काय केलं, त्याचा हा इतिहास.

तो मुख्यतः अमेरिकेतला आहे. मोटार तिथे लवकर घरोघरी पोचली, पंप तिथे लवकर झाले आणि लवकर बंदही पडले. बंद पडलेल्या पंपाखालची माती साफ करायची म्हणजे नेमकं किती साफ करायची, यावरची भांडणंही तिथे आधी झाली, आणि त्या भांडणांची कागदपत्रं उपलब्ध आहेत. आपल्याकडे शेवटी येऊ, पण थोडंच.

सुरुवात रॉकेलपासून करू. १८८५ साली इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन गावात सिल्व्हेनस बाउझर नावाच्या माणसाने एका किराणा दुकानदाराला रॉकेल मोजून देणारा हातपंप करून विकला. तोपर्यंत दुकानात पिंप असायचं आणि मापाने रॉकेल ओतून द्यायचे. मोटारी आल्या तेव्हा पेट्रोलही असंच किराणा दुकानात, औषधाच्या दुकानात, लोहाराकडे मिळायचं. गाडी थेट आत घ्यायची, पेट्रोल भरायचं आणि निघायचं, अशी मुद्दाम बांधलेली जागा म्हणून १ डिसेंबर १९१३ रोजी पिट्सबर्गमध्ये गल्फ कंपनीने उघडलेल्या पंपाचं नाव घेतलं जातं.

आता पेट्रोल म्हणजे रॉकेल नव्हे. ते साध्या हवेत वाफ होऊन पसरतं आणि ठिणगी पडली की पेट घेतं. गावात आगी लागायला लागल्या तेव्हा अग्निशमनवाले आणि विमा कंपन्या म्हणाल्या, ही टाकी जमिनीवर नको, खाली पुरा. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यातून आलं. टाकी जमिनीखाली गेली ती सुरक्षिततेसाठी. निर्णय योग्यच होता, त्याने माणसं वाचली. पण आगीपासून लपवलेली वस्तू डोळ्यांपासूनही लपली.

टाक्या साध्या पोलादाच्या असायच्या, वर फार तर डांबराचा हात. ओल्या मातीत पोलाद ठेवलं की त्याची एक छोटी बॅटरी होते. टाकीच्या एका भागाला चिकणमाती लागलेली, दुसऱ्याला वाळू, कुठे ओल जास्त, कुठे क्षार जास्त. मग एका जागेकडून दुसऱ्या जागेकडे अगदी बारीक वीजप्रवाह वाहतो आणि ज्या जागेतून तो बाहेर पडतो तिथलं लोखंड झिजतं. टाकी सगळीकडून सारखी गंजत नाही, एका ठिकाणी सुईएवढं भोक पडतं. वीस-तीस वर्षं गेली की बऱ्याच टाक्यांची अशी अवस्था होते. टाकीपासून पंपापर्यंत जाणाऱ्या पाइपांच्या सांध्यांची तर त्याहून आधी.

हिशेब करून बघा. सेकंदाला एक थेंब गळतंय असं धरलं तर वर्षाला दीड हजार लिटरच्या वर पेट्रोल मातीत जातं. पंपावर मात्र ते कळत नाही. टाकीत काठी घालून डिप घेतात, आणि रोजच्या विक्रीपुढे चार लिटरचा फरक म्हणजे काहीच नाही. उन्हाने वाफ झाली असेल, टँकरवाल्याने कमी घातलं असेल, डिप घेणाऱ्याने नीट बघितलं नसेल. कारणं शंभर निघतात.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सव्वादोन लाखांच्या आसपास पंप होते. १९७३ला तेलसंकट आलं आणि पुढच्या काही वर्षांत छोटे पंप भराभर बंद पडले. मालक गेला, पाटी उतरली, पंपाची यंत्रं विकली. टाकी? टाकी बाहेर काढायला खर्च येतो, ती तिथेच राहिली. चौकातल्या मोक्याच्या जागा त्या. तिथे टायरचं दुकान झालं, फुलवाला आला, नाहीतर नुसती मोकळी सिमेंटची फरशी राहिली. दोन-तीन वेळा खरेदीखत झालं की खाली काय आहे हे सांगणारं कोणी उरत नाही.

मातीत गेलेलं पेट्रोल काय करतं, हे थोडं सांगतो, कारण त्याशिवाय पुढची भांडणं कळणार नाहीत. पेट्रोल आधी सरळ खाली उतरतं. उतरताना त्याचा काही भाग मातीच्या कणांमध्ये अडकून बसतो, ओल्या स्पंजमध्ये पाणी अडकतं तसा. बाकीचं भूजलापर्यंत पोचतं आणि पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे त्यावर तवंग होऊन तरंगतं. पावसाळ्यात पाणी वर येतं, उन्हाळ्यात खाली जातं, त्याबरोबर तो तवंगही वर-खाली होतो आणि मधल्या सगळ्या मातीला फासला जातो. शिवाय पेट्रोल हा एक पदार्थ नाही, शेकडो पदार्थांचं मिश्रण आहे. त्यातले काही पाण्यात थोडे विरघळतात, आणि जमिनीखालचं पाणी ज्या दिशेने सरकतं तिकडे त्यांची एक लांब शेपूट तयार होते. त्या शेपटीत सगळ्यात वाईट म्हणजे बेंझीन. त्याने रक्ताचा कर्करोग होतो. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात बेंझीनची कमाल मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. पेट्रोलमध्ये १ टक्का बेंझीन धरलं, तर एक लिटर पेट्रोलमध्ये सात ग्रॅमच्या वर बेंझीन निघतं. म्हणजे एक लिटर पेट्रोलमधलं बेंझीन सुमारे पंधरा लाख लिटर पाण्याला त्या मर्यादेपर्यंत न्यायला पुरेसं आहे. दहा हजार लिटरचे दीडशे टँकर. हे कागदावरचं गणित झालं, सगळं बेंझीन काही एकदम पाण्यात जात नाही. पण थेंबाथेंबाने गळणाऱ्या टाकीची भीती का वाटायला हवी, ते यावरून कळतं.

ती भीती वाटायला मात्र वेळ लागला. १९७७च्या डिसेंबरमध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात केप कॉडच्या टोकाला, ट्रुरो गावातल्या एका पंपाच्या टाकीतून सुमारे ३,००० गॅलन पेट्रोल गळल्याचं उघड झालं. शेजारच्या प्रॉव्हिन्सटाउन गावाच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरी तिथून काहीशे फुटांवर. विहिरी बंद ठेवाव्या लागल्या. जमीन वाळूची, पाण्याची दुसरी सोय जवळ नाही. अशी प्रकरणं ठिकठिकाणी निघत होती, पण प्रत्येक गावाला वाटत होतं की हे आपल्याच नशिबी आलंय.

१९८० साली अमेरिकेच्या संसदेने विषारी जागा साफ करण्यासाठी मोठा कायदा केला, त्याला सुपरफंड म्हणतात. रासायनिक कारखान्यांचे उकिरडे त्यात आले. आणि गंमत बघा, त्या कायद्यातल्या घातक पदार्थांच्या व्याख्येतून पेट्रोलियम वगळलं होतं. म्हणजे बेंझीनचं पिंप कोणी पुरलं तर तो सुपरफंडचा विषय, पण बेंझीन असलेलं पेट्रोल टाकीतून गळलं तर नाही. तेल उद्योगाचं वजन किती होतं, हे त्या एका वाक्यात दिसतं असं माझं मत आहे.

मग १९८३ साली सीबीएस वाहिनीच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ या कार्यक्रमात गळक्या टाक्यांवर एक भाग दाखवला गेला. ज्यांच्या घरच्या पाण्यात पेट्रोल आलं त्या कुटुंबांची कहाणी होती ती. देशभर लोकांनी बघितली. पुढच्याच वर्षी, १९८४ला, जमिनीखालच्या टाक्यांसाठी कायद्यात वेगळं प्रकरण घातलं गेलं. १९८५ला पर्यावरण संरक्षण संस्थेत, म्हणजे ईपीएमध्ये, त्यासाठी स्वतंत्र कार्यालय झालं. १९८६ला दर गॅलनमागे सेंटचा दहावा हिस्सा असा कर बसवून साफसफाईचा निधी उभारला. ‘लीकिंग अंडरग्राउंड स्टोरेज टँक’ या शब्दांची आद्याक्षरं जोडून त्या निधीचं नाव पडलं लस्ट ट्रस्ट फंड. लस्ट म्हणजे वासना. सरकारी कचेरीत हे नाव कोणाच्याच लक्षात आलं नसेल यावर माझा विश्वास नाही. असो, तेच रूढ झालं आणि आज गंभीर चेहऱ्याचे इंजिनिअर ते गंभीरपणे वापरतात.

१९८८च्या सप्टेंबरमध्ये नियम आले. नव्या टाक्या गंजरोधक हव्यात. गळती ओळखण्याची सोय हवी. जुन्या टाक्या सुधारा नाहीतर बंद करा, मुदत दहा वर्षं, २२ डिसेंबर १९९८पर्यंत. आणि टाकी कायमची बंद करताना ती रिकामी करून, धुऊन, बाहेर काढा किंवा वाळू-सिमेंटसारख्या निष्क्रिय पदार्थाने भरून टाका, आणि मुख्य म्हणजे भोवतालची माती तपासा.

या शेवटच्या अटीने खरा इतिहास घडवला. हजारो पंपांवर यारी लावून टाक्या बाहेर निघू लागल्या. सुमारे वीस लाख टाक्या होत्या देशात. टाकी वर येते, तिच्या पोटाला मातीचे गोळे चिकटलेले, आणि खड्ड्यातून पेट्रोलचा भपकारा. खालची माती कुठे करडी, कुठे हिरवट काळी. पुढे-मागे मिळून पाच लाखांहून जास्त ठिकाणी गळती झाल्याचं सिद्ध झालं.

साफ कसं करायचं? पहिलं उत्तर होतं फावड्याचं. खणा, ट्रकमध्ये भरा, दूर नेऊन टाका, खड्ड्यात चांगली माती भरा. लहान गळतीला हे उत्तर आजही उत्तम आहे, दोन दिवसांत काम होतं. पण पेट्रोल खोल गेलं असेल, शेजारच्या इमारतीखाली किंवा रस्त्याखाली गेलं असेल, तर खणणार कुठवर? आणि ती माती दुसऱ्या कुठल्या तरी गावच्या भरावात जाऊन पडते. घाण गेली नाही, तिचा पत्ता बदलला. दुसरं उत्तर होतं विहीर खणून दूषित पाणी उपसायचं, शुद्ध करायचं आणि सोडायचं. त्याने वरचा तवंग निघतो. पण मातीत अडकलेलं पेट्रोल पुन्हा हळूहळू पाण्यात उतरत राहतं. पंप वर्षानुवर्षं चालू, वीजबिल चालू, आकडे मात्र एका पातळीच्या खाली उतरत नाहीत.

तिसरं उत्तर आधीपासून मातीतच बसलेलं होतं. पेट्रोल हे शेवटी जुन्या सजीवांचंच अवशेष आहे, आणि ते खाऊ शकणारे जीवाणू जवळजवळ सगळ्या मातीत असतात. क्लॉड झोबेल या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने १९४६ सालीच यावर मोठा आढावा लिहिला होता. पण तो प्रयोगशाळेत राहिला. १९७२च्या सुमाराला पेनसिल्व्हेनियातल्या अँब्लर गावी पाइपलाइन फुटून पेट्रोल भूजलात गेलं. सन ऑइल कंपनीतल्या रिचर्ड रेमंड यांनी तिथे एक साधी गोष्ट केली. बाहेरून जीवाणू आणले नाहीत. जमिनीखाली विहिरींमधून हवा सोडली, आणि नायट्रोजन व फॉस्फरस असलेली खतं दिली. शेतकरी पिकाला देतो तीच ती. जागचेच जीवाणू कैक पटींनी वाढले आणि पेट्रोल खाऊ लागले. १९७४ला रेमंड यांना या पद्धतीचं पेटंट मिळालं.

हे नाव तुम्ही ऐकलं नसेल. पण त्याच सुमाराला जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करणाऱ्या आनंद चक्रवर्तींचं नाव ऐकलं असेल. बंगालमधल्या सैंथिया गावचे. त्यांनी तेलाचे अनेक घटक खाऊ शकणारा जीवाणू तयार केला, त्याच्या पेटंटचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १६ जून १९८० रोजी पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने म्हटलं की माणसाने घडवलेल्या सजीवाचं पेटंट घेता येतं. जैवतंत्रज्ञानाचा सगळा उद्योग त्या निकालावर उभा राहिला. तो जीवाणू मात्र तेल साफ करायला प्रत्यक्षात कधी वापरला गेला नाही. पंपांखालची माती खाल्ली ती बिननावाच्या, बिनपेटंटच्या, तिथल्याच जीवाणूंनी. इतिहासात कोणाचं नाव राहतं आणि काम कोण करतं, यांची गाठ नेहमी पडतेच असं नाही.

रेमंड यांच्या पद्धतीत एक अडचण होती. ती प्राणवायूची. एक किलो पेट्रोल पुरतं खायला जीवाणूंना साधारण साडेतीन किलो प्राणवायू लागतो. पाण्यात तो विरघळतो किती? लिटरला आठ-नऊ मिलिग्रॅम. म्हणजे पाण्यावाटे एवढा प्राणवायू पोचवायचा तर एक किलो पेट्रोलसाठी जवळजवळ चार लाख लिटर पाणी मातीतून न्यावं लागेल. हवेतून पोचवायचा तर? बारा-तेरा घनमीटर हवा पुरते. एका छोट्या खोलीत मावेल एवढी.

हे गणित आज सोपं वाटतं. प्रत्यक्षात ते आडवाटेने हाती लागलं. युटामधल्या हिल या हवाईतळावर जानेवारी १९८५मध्ये सुमारे २७,००० गॅलन विमानाचं इंधन सांडलं. पुढे तिथे मातीत नळ्या घालून पंख्याने हवा ओढायला सुरुवात केली, हेतू हा की इंधन वाफेच्या रूपात बाहेर यावं. बाहेर येणारी हवा मोजली तेव्हा तिच्यात कार्बन डायऑक्साइड भरपूर. म्हणजे बरंच इंधन बाहेर निघतच नव्हतं, जागेवरच खाल्लं जात होतं. हवा ओढताना बाहेरची ताजी हवा मातीत शिरत होती आणि जीवाणूंना श्वास मिळत होता. मग मुद्दामच हवा हळू सोडायची, वाफ कमी निघेल आणि खाणं जास्त होईल अशी, ही पद्धत निघाली. १९९२पासून अमेरिकी हवाई दलाने ती शंभराहून जास्त जागांवर वापरून बघितली. एक पंखा, चार नळ्या आणि दोन-तीन वर्षांचा धीर. खणण्याच्या मानाने खर्च फारच कमी.

खर्चाचा विषय निघालाच आहे तर तो बोलूनच टाकू, कारण इथे तंत्रज्ञान संपतं आणि राजकारण सुरू होतं. १९८८च्या नियमांनी पंपमालकाने दहा लाख डॉलरपर्यंतच्या नुकसानीची जबाबदारी घेण्याची ऐपत दाखवायची होती. पंपमालक म्हणजे तेल कंपनी नव्हे. नवरा-बायको आणि एक नोकर असा पंप असायचा कित्येक ठिकाणी. विमा कंपन्या त्यांना दारात उभं करेनात. मग राज्यांनी पेट्रोलवर कर लावून आपापले निधी काढले, मालकाने साफ करायचं आणि बिल निधीकडे पाठवायचं. काय झालं असेल, ओळखा. बिलं फुगली. जिथे दहा ट्रक माती काढायची तिथे शंभर ट्रक निघाले. काही राज्यांचे निधी काही वर्षांतच आटले. मिशिगनचा निधी १९९५ साली दिवाळखोरीत निघाला.

आणि त्याच सुमाराला विज्ञानाने एक नवीन गोष्ट सांगितली. ऑक्टोबर १९९५मध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने राज्याच्या जलमंडळासाठी अहवाल दिला. त्यांनी शेकडो गळक्या टाक्यांच्या जुन्या नोंदी तपासल्या होत्या. निष्कर्ष असा, की बेंझीनच्या शेपट्या वाटतं तितक्या लांब जात नाहीत. बहुतेक काहीशे फुटांच्या आत थांबतात आणि मग आक्रसतात, कारण जीवाणू त्यांना खातात. तेव्हा गळतीचा उगम बंद करा, तवंग काढा, आणि जवळ विहीर नसेल तर बाकीचं निसर्गावर सोडून लक्ष ठेवा. टेक्सासमध्ये १९९७ला असाच अभ्यास झाला आणि तसंच निघालं. याच काळात, प्रत्येक जागा सारखी साफ न करता तिथे माणसाला धोका किती आहे ते बघून साफ करायची, अशी मानक पद्धतही आली.

पैसे संपले आणि नेमकं त्याच वर्षी विज्ञान म्हणालं की पैसे लागतच नाहीत. संशय येणं स्वाभाविक आहे, तेव्हाही लोकांना आला. पण मी तो अहवाल विकाऊ मानत नाही. बेंझीनबद्दल त्यांनी सांगितलं ते खरं होतं आणि आजही खरं आहे. प्रश्न वेगळाच होता. त्यांनी अभ्यास केला तो जुन्या पेट्रोलच्या गळतीचा, आणि मधल्या काळात पेट्रोलच बदललं होतं.

शिसं काढून टाकल्यावर इंजिनाला ठोके बसू नयेत म्हणून १९७९पासून अमेरिकेत पेट्रोलमध्ये एमटीबीई नावाचं द्रव्य थोडं थोडं घालू लागले होते. १९९०ला हवा शुद्ध करण्याच्या कायद्यात सुधारणा झाली, ज्वलन पुरं व्हावं म्हणून पेट्रोलमध्ये प्राणवायू असलेलं द्रव्य घालणं अनेक शहरांत सक्तीचं झालं, आणि प्रमाण टक्का-दोन टक्क्यांवरून दहा-अकरा टक्क्यांपर्यंत गेलं. हवा सुधारली, हे मान्य केलं पाहिजे. पण एमटीबीई पाण्यात बेंझीनच्या वीस-पंचवीस पट जास्त विरघळतं, मातीला चिकटत नाही, पाण्याच्या वेगाने पळतं. आणि मातीतले बहुतेक जीवाणू त्याला ओळखत नव्हते. बेंझीन निसर्गात युगानुयुगं आहे. एमटीबीई कारखान्यात तयार झालेलं, मातीला नवखं.

लिव्हरमोरचा अहवाल ऑक्टोबर १९९५चा. त्याच्या दोन महिने आधी, ऑगस्ट १९९५मध्ये, लॉस एंजलिसजवळच्या सांता मोनिका शहराच्या चार्नॉक इथल्या विहिरींत नेहमीच्या तपासणीत एमटीबीई सापडलं होतं. १९९६मध्ये प्रमाण लिटरला ६०० मायक्रोग्रॅमच्या वर गेलं. टर्पेंटाइनसारखा वास, आणि तो नाकाला कळायला काही दहा मायक्रोग्रॅमसुद्धा पुरतात. जून १९९६पर्यंत तिथल्या सगळ्या विहिरी बंद झाल्या. अर्केडिया इथल्याही बंद पडल्या. शहराचं निम्मं पाणी गेलं, बाहेरून विकत घ्यावं लागलं. उगम होते आसपासच्या पंपांच्या टाक्या आणि नळ. पुढे डोंगरातल्या साउथ लेक टाहो गावच्या सुमारे एक तृतीयांश विहिरी याच कारणाने बंद झाल्या. तिथल्या पाणीपुरवठा मंडळाने खटला भरला. २००२ साली ज्युरीने ठरवलं की एमटीबीई घातलेलं पेट्रोल हे सदोष उत्पादन आहे, आणि सगळ्या तडजोडी मिळून मंडळाला ६ कोटी ९० लाख डॉलर मिळाले. मार्च १९९९मध्ये गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांनी एमटीबीई हटवण्याचा आदेश काढला, तो अमलात पूर्ण यायला २००४ उजाडलं.

एक विलक्षण गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. १९९९ साली डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या केट स्को यांच्या गटाने एमटीबीईवर जगणारा एक जीवाणू जाहीर केला. तो मिळाला होता लॉस एंजलिस भागातल्या एका सांडपाणी प्रकल्पाच्या बायोफिल्टरमधून. म्हणजे वीस वर्षांत कुठे तरी, कोणी तरी, ते खायला शिकलं होतं किंवा आधीपासून शिकलेलं सापडलं. पण सांता मोनिकाच्या विहिरींना त्याची वाट बघत बसणं शक्य नव्हतं. तिथे शेवटी कोळशाच्या गाळण्या लावून प्रकल्प बांधला गेला, तेल कंपन्यांशी झालेल्या तडजोडीच्या पैशातून, आणि चार्नॉकचं पाणी पुन्हा शहरात यायला २०१०-११ उजाडलं. पंधरा वर्षं.

मोकळ्या जागांचं काय झालं, हे थोडक्यात. २००२ साली पडीक दूषित जागांसाठी आणखी एक कायदा झाला, आणि यावेळी पेट्रोलियमला वगळलं नाही, उलट निधीचा चौथा हिस्सा त्यासाठी राखून ठेवला. ईपीएच्या अंदाजाने अशा पडीक जागांपैकी जवळजवळ निम्म्या पेट्रोलियमच्या आहेत, बहुतेक जुन्या पंपांच्या. तिथे आता बागा आहेत, दवाखाने आहेत, कॉफीची दुकानं आहेत. काही जागांच्या खरेदीखतात मात्र कायमची अट लिहिलेली असते: इथे विहीर खणायची नाही. माती पुरती साफ झालेली नसते, तिथे काय करायचं नाही एवढं ठरलेलं असतं. मला ही तडजोड वाईट वाटत नाही, पण ती अट शंभर वर्षांनी कोण वाचणार, हा प्रश्न पडतो. टाकी कुठे आहे हेच जिथे वीस वर्षांत विसरलं गेलं, तिथे अट कोण लक्षात ठेवणार?

आता आपल्याकडे. आपल्या देशातल्या पंपांच्या टाक्यांना परवाना देणारी संस्था, पेसो, पूर्वीचं स्फोटक खातं, तिचं मुख्यालय नागपूरला आहे. नावावरूनच कळतं की तिचा जन्म आगीच्या आणि स्फोटाच्या भीतीतून झाला, अमेरिकेत टाकी जिच्यामुळे पुरली गेली त्याच भीतीतून. पेट्रोलियमचा आपला मूळ कायदा १९३४चा आहे. दूषित जमिनीसाठी स्वतंत्र नियम आले ते जुलै २०२५मध्ये. संशयित जागांची यादी करायची, तपासायच्या, आणि ज्याने घाण केली त्याच्याकडून खर्च घ्यायचा, अशी त्यांची चौकट आहे. शहरातल्या जुन्या पंपांच्या जागा आज टॉवरसाठी विकल्या जातायत, तेव्हा हे नियम कामाला लागतील ते तिथेच. आपल्याकडे जोडीला बोअरवेल आहे, प्रत्येक सोसायटीत. अमेरिकेतल्या त्या अटीत ‘विहीर खणू नका’ लिहिणं सोपं होतं, कारण तिथल्या शहरात नळाला पाणी दिवसभर असतं.

आणखी एक गोष्ट, मग प्रश्न घेऊ. एमटीबीईची जागा अमेरिकेत इथेनॉलने घेतली. आपल्याकडे २०२५मध्ये पेट्रोलमधलं इथेनॉल २० टक्क्यांपर्यंत गेलं, आणि आपल्या साखर कारखान्यांचा त्यात मोठा वाटा आहे. इथेनॉल स्वतः मातीत टिकत नाही, जीवाणू ते चटकन खातात. अडचण तीच आहे. ब्राझीलमध्ये इथेनॉलचं पेट्रोल खूप आधीपासून आहे, आणि तिथल्या व अमेरिकेतल्या संशोधकांनी १९९०च्या दशकातच दाखवलं, की ताटात इथेनॉल असेपर्यंत जीवाणू बेंझीनकडे बघत नाहीत. शिवाय इथेनॉल खाताना आजूबाजूचा प्राणवायू संपवतात. मग बेंझीनची शेपूट लिव्हरमोरच्या अहवालात थांबली होती त्याच्या पुढे जाते. किती पुढे, हे मातीवर, पाण्याच्या वेगावर आणि तापमानावर ठरतं. आपल्या काळ्या मातीखालच्या भेगाळ बेसाल्टमध्ये पाणी वाळूसारखं सावकाश झिरपत नाही, भेगेतून वाहतं. कॅलिफोर्नियाचे आकडे उचलून इथे लावता येणार नाहीत. ते इथल्याच पंपांवर, निरीक्षण विहिरी खणून मोजावे लागतील.

घ्या, आता तुमचे प्रश्न.